नाण्यांचा गुलाम

शेवंती घाडी हिला पत्ते कळतात, हे नाहूरच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. खेळता येणारे काय, ढिगाने असतात. शेवंतीच्या हातात कॅट आला की बाई वेगळीच दिसायला लागते. पाठ ताठ होते, डोळे बारीक होतात आणि एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा आवाज एकदम खालच्या पट्टीत येतो.

हे वेड गावाकडचं. वडील लालबागच्या गिरणीत होते. गणपतीत सगळं घर मालवणाकडे निघायचं आणि दुपारची जेवणं आटोपली की ओटीवर पत्त्यांचा फड बसायचा. मोठ्यांच्या डावात पोरांना कोण घेतंय! पोरं मग माजघरात गुलामचोर खेळायची. कॅटातले तीन गुलाम काढून टाकायचे, एकच ठेवायचा. एकमेकांच्या हातातली पानं ओढत जोड्या लावत जायचं आणि शेवटी ज्याच्याकडे तो बिनजोडीचा गुलाम उरेल, तो चोर. चोराकडे बोट दाखवून बोंबलायचा मान शेवंतीचा असे. तिच्या आवाजाने मोठ्यांचा डाव मोडतो, अशी तक्रार काका दरवर्षी करायचे आणि ती दरवर्षी आणखी मोठ्याने ओरडायची.

टॅरोचे पत्ते तिच्याकडे आले ते सुनेमुळे. श्रुतिकाला ऑफिसात कुणीतरी भेट दिले होते. तिने ते दोन दिवस कौतुकाने बघितले आणि कपाटात टाकले. दसऱ्याच्या साफसफाईत ते शेवंतीच्या हाती लागले.

"एवढा जाडजूड कॅट, आणि तू एक डाव नाही मांडलास?"

"आई, ते खेळायचे नसतात हो. त्यात बघून सांगतात."

"काय सांगतात?"

"म्हणजे... माणसाचं. पुढचं-मागचं."

शेवंतीने दुपारभर मोबाइलवर हिंदीत त्याची माहिती ऐकली. नवरा दशरथ दारावरून जाताना म्हणाला, "आता ह्या काय नवीन?" तर तिने वर न बघता सांगितलं, "गप रवा, तुमका नाय कळाचा."

आणि तिला ते पत्ते कळले, अगदी आपल्या पद्धतीने. चार रंग, तर चार रंग. छड्या, पेले, तलवारी आणि नाणी. चित्रांच्या पानांशी मात्र गाडी अडली. आपल्या कॅटात राजा, राणी, गुलाम अशी तीन चित्रं, इथे चार निघाली. राजा ओळखू आला, राणी ओळखू आली. घोड्यावर बसला होता तो घोडेस्वार. राहिला एक पोरगा, पायी उभा असलेला. त्याला मोबाइलमधली बाई पेज म्हणत होती. शेवंतीने त्याला गुलाम करून टाकलं. पत्त्यात तिसरा कोण असतो? गुलामच की!

मग मंगळवारी दुपारी बायका जमायला लागल्या. भविष्य सांगते असं शेवंतीने कधी म्हटलं नाही. पान समोर आलं की ती चित्रात काय दिसतं ते सांगायची, आणि समोरची बाई आपोआप बोलायला लागायची. सासूचं, पाठीच्या मणक्याचं, मुलाच्या लग्नाचं. मनातलं मोकळं झालं की बायका चहा पिऊन खुशीत घरी जायच्या. शेवंतीलाही बरं वाटायचं. म्हातारपण असंच जाणार असेल तर झकास आहे, असं ती दशरथला सांगायची.

या सगळ्यात एकटी संघमित्रा यायची नाही. म्हणजे यायची, पण स्वयंपाकघरात. संघमित्रा साळवे समोरच्या दारात राहायची. दोघी एकाच वर्षी या इमारतीत आल्या, दोघींच्या घरांच्या किल्ल्या एकमेकींकडे, आणि संघमित्राचा प्रबुद्ध तर निम्मा शेवंतीच्या हातचा घावन खाऊनच वाढला. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, सरळ बोलणारी, पत्त्याबित्त्यांवर काडीचा विश्वास नसलेली बाई. मंगळवारी ती आत ओट्याशी मटार सोलत बसायची आणि तिथून शेरे मारायची. "शेवंते, तुझं चालू दे. मला फक्त त्यात ओढू नकोस."

तिच्या डोक्यात त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं. मुलुंडकडच्या एका कॉलेजात दर शनिवारी पाली भाषेचा वर्ग सुरू होणार होता. संघमित्रा लहानपणापासून रोज संध्याकाळी वंदना म्हणायची. सगळी तोंडपाठ. पण शब्द न् शब्द सोडवून, स्वतः वाचून कळावी, ही तिची जुनी हौस. नोकरी, घर, मुलगा यांत राहून गेलेली. आता वेळ होता, तर धीर होईना. "वर्गात सगळी कॉलेजची पोरं असणार गं. मी विसरभोळी म्हातारी. मध्येच उठून यावं लागलं तर?" शेवंतीने ऐकून घेतलं होतं, पण त्या वेळी तिचं लक्ष फोडणीकडे होतं.

शनिवार चार दिवसांवर आला तेव्हाच्या मंगळवारी बायकांनी संघमित्राला धरलंच. "ताई, एक पान तरी ओढा ना! काय होतंय?" कधी नाही ती संघमित्रा पदराला हात पुसत बाहेर आली. आली कशी, याचं शेवंतीला नवल वाटायला हवं होतं. पण तिला आनंदच इतका झाला की नवलाला जागा उरली नाही. संघमित्राने पान ओढलं आणि तिच्या हातात दिलं. शेवंतीने ते उलटलं. नाण्यांचा गुलाम.

आणि शेवंतीच्या तोंडून माजघरातली ती आरोळी आपोआप निघाली. संघमित्राकडे बोट करून ती ओरडली, "गुलाम! गुलाम इथे सापडला गं!"

बायका खो खो हसल्या. संघमित्रा हसली नाही. तिने साडीची निरी सारखी केली, "कुकर लावायचा राहिलाय" म्हणाली आणि गेली. तिचं दार आपटल्याचा आवाजही झाला नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी संघमित्रा चालायला एकटीच गेली. शेवंतीने पाठवलेली वाटी श्रुतिकाच्या हाती परत आली, धुऊन, रिकामी. त्या दोन घरांत वाटी रिकामी परत करायची पद्धतच नव्हती.

"हिला झालंय तरी काय?" शेवंतीने विचारलं.

श्रुतिकाने वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर गुलाम म्हणालात."

"तिला कशाला म्हणेन? पत्त्याला म्हटलं!"

"म्हणालात पत्त्याला, पण बोट त्यांच्याकडे होतं. आणि आपल्याकडे तो शब्द पत्त्यांतला आहे हो. त्यांच्याकडे नाहीये."

शेवंतीने आपल्या बोटाकडे बघितलं. इतक्या वर्षांचा शेजार. संघमित्राच्या घरात जयंतीला खीर खाल्लेली, भाषणं ऐकलेली, तिच्या आईच्या तोंडून जुन्या दिवसांच्या गोष्टी ऐकून डोळे पुसलेले. आणि एवढं कळू नये? तिला स्वतःचा असा राग आला की दशरथने चहा मागितला तर त्यालाच चार शब्द ऐकवून झाले. मग राग गेला आणि भीती उरली. संघमित्रा गेली तर आपल्याला कोण आहे? मंगळवारच्या बायका मंगळवारच्या. बाकीचे सगळे दिवस संघमित्राचे होते.

गुरुवारी सकाळी तिने ते पान काढलं आणि खिडकीत नेऊन पहिल्यांदाच नीट बघितलं. हिरव्या अंगरख्यातला पोरगा. पायाखाली फुललेली जमीन, मागे नांगरलेलं शेत, लांबवर डोंगर. दोन्ही हातांत नाणं धरलेलं, बोटांच्या टोकांवर, जड नाही तरी जपून. कुणाचा हुकूम ऐकतोय असं कुठेच दिसेना. आजूबाजूला मालक नाही, कुणी नाही. याला आपण गुलाम कसं म्हणत होतो?

"श्रुतिका, त्यात काय लिहिलंय याचं? वाच बघू."

श्रुतिकाने पत्त्यांसोबतची चोपडी उघडली. "पेज म्हणजे उमेदवारी करणारा मुलगा. शिकायला राहिलेला. आणि हा नाण्यांचा पेज... नवीन विद्या हातात घेतलेला. घाई नाही, पण मन लावून शिकणारा. वय कितीही असो, नवीन शिकायला निघालेल्या माणसाचं हे पान, असं लिहिलंय."

शेवंतीने कपाळावर हात मारून घेतला. ज्या बाईने कधी पत्त्याला हात लावला नाही, ती परवा, वर्ग तोंडावर आला असताना, बाहेर का आली होती, ते तिला आत्ता कळलं.

शुक्रवारी दुपारी तिने समोरची बेल वाजवली. किल्ली जवळ असूनही वाजवली. संघमित्राने दार उघडलं आणि बाजूला झाली. शेवंती बसली नाही.

"माझं चुकलं. मेलं माझ्या तोंडाला कळलंच नाही."

"तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहितीय," संघमित्रा म्हणाली. "म्हणूनच जास्त लागलं गं. दुसरं कोणी असतं तर भांडून मोकळी झाले असते. तुझ्याशी भांडताही येईना." ती खुर्चीत बसली. "माझ्या आज्याला गावात कुणी नावाने हाक मारली नाही कधी. आमच्या घरात तो शब्द म्हणजे, जे टाकून आलो त्याचं नाव. आणि तो तुझ्या घरात ऐकला. वर सगळ्या हसल्या."

शेवंतीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. संघमित्राने तिला ओढून शेजारी बसवलं. "आता तू रडून मला कामाला लावू नकोस," ती म्हणाली, पण हात सोडला नाही.

थोड्या वेळाने शेवंतीने ते पान पुढे केलं.

"नको दाखवू मला ते."

"बघ तरी. मी पण कालच बघितलं नीट. तोवर नुसती बोंबलत होते."

संघमित्राने चष्मा लावला. पान जवळ धरलं, लांब धरलं. "हा पोरगा नाणं बघत नाहीये शेवंते," ती हळूच म्हणाली. "वाचतोय."

"याचं नाव तू ठेव. आजपासून माझ्या घरात तेच. मंगळवारी सगळ्यांना सांगते, का बदललं ते पण सांगते."

"माझा विश्वास नाही तुझ्या पत्त्यांवर."

"नको ठेवू. नाव ठेव."

संघमित्रा पानाकडे बघत राहिली. प्रबुद्ध शाळेत असताना सुट्टीतल्या शिबिराला गेला होता, डोकं भादरून, चीवर घालून, शिकाऊ भिक्खू होऊन. घर सोडून शिकायला निघालेला पोरगा, वाटी हातात धरावी तसा स्वतःचा नवेपणा धरून उभा. त्याला बघून ती विहाराच्या दारात रडली होती. "श्रामणेर," ती म्हणाली. "नाण्यांचा श्रामणेर म्हण."

"श्रामनेर."

"णेर. ण. बाणातला."

"श्रामणेर. बरं. मग उद्या हा श्रामणेर वर्गाला जातोय का?"

संघमित्राने पान खाली ठेवलं. "गुडघे दुखतात गं माझे."

"रिक्षा कर."

"आणि पोरं हसली तर?"

"तर येऊन मला सांग. मी येते वर्गात. माझा आवाज तुला माहितीय."

संघमित्राला हसू फुटलं. "पत्ता सांगतो म्हणून मी जाणार नाही हां, आधीच सांगते."

"पत्त्याला घाल चुलीत. मी सांगते म्हणून जा."

शनिवारी दुपारभर शेवंतीचं कशात लक्ष लागेना. डाळ करपली, दशरथने मुकाट्याने खाल्ली. उन्हं उतरता उतरता लिफ्टचं दार वाजलं आणि समोरच्याऐवजी हिच्याच दाराची बेल वाजली. संघमित्रा पर्स खांद्याला लावून उभी, चेहरा लाल झालेला.

"शेवंते, सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं फळ्यावर पालीत लिहिली. माझं संघमित्ता. मित्त म्हणजे मित्र. साठी उलटल्यावर आज मी माझं नाव वाचलं गं, अक्षर न् अक्षर."

"हसली का पोरं?"

"कुठली हसतात! एकीने तर वही दिली मला." ती दम घ्यायला थांबली. "मग सर म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का. कोणी बोलेना, तर मीच हात वर केला."

"अगो बाये! काय विचारलंस?"

"विचारलं, शेवंतीला पालीत काय म्हणतात?"