मुंगीनं दाखवलेलं पाणी

गडमुडशिंगीच्या रस्त्याला लालासाब मिस्त्रीचं गॅरेज आहे. बोर्ड नाही, बसायला खुर्ची नाही, आणि लालासाबच्या तोंडाला लगाम तर मुळीच नाही. चाळीस वर्षं डिझेलच्या वासात काढलेला हा माणूस गिऱ्हाइकाला आधी झापतो, मग गाडीची चौकशी करतो. तरी लोक जातात. का जातात, ते डॉक्टर स्वप्नालीला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

स्वप्नाली जनावरांची डॉक्टर. आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या धनगरवाड्यांवर तिची जुनी फोर-व्हील जीप सोडली तर दुसरी गाडी चढत नाही. दसऱ्यानंतर या जीपला खोड लागली. चढ आला की डिझेलमध्ये पाणी असल्याचा पिवळा दिवा लागायचा, आणि दिवा लागला की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनची ताकदच तोडायचा. महिन्याभरापूर्वी जीप अशीच घाटात रांगत राहिली, आणि स्वप्नाली पोचेपर्यंत तिथल्या बनाबाईची अडलेली म्हैस गेली. बनाबाईनं तिला फक्त चहा दिला, काळा.

दोन गॅरेजांनी टाकी धुतली, फिल्टर तीनदा बदलला, कॉम्प्युटर लावून बघितला. दिवा तसाच. शेवटी नवरा सयाजी वैतागला. "भंगारात घाल की गं ते धूड! उद्या संध्याकाळी एकजण बघायला येतोय." जीप गेली म्हणजे वाड्या सुटल्या. आणि बनाबाईच्या दुसऱ्या म्हशीचे दिवस भरत आले होते.

शेवटचा उपाय म्हणून ती लालासाबकडं आली. त्यानं जीप रात्रभर ठेवून घेतली. "सकाळी या. गार इंजिनच खरं बोलतंय."

सकाळी त्यानं फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला, काचेच्या ग्लासात डिझेल काढलं आणि ग्लास ठेवून दिला. पाणी असतं तर तळाला बसलं असतं. तळ स्वच्छ होता.

"पाणी न्हाय," तो म्हणाला.

"मग सेन्सर गेलाय का, चाचा?"

"दम खावा की जरा, डॉक्टरीणबाई! म्हशीला हात लावायच्या आधीच सुई टोचताय व्हय तुम्ही?"

मग तो हात मागं बांधून उघड्या बॉनेटपुढं नुसता उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. म्हाताऱ्याला डुलकी लागली की काय, असं स्वप्नालीला वाटायला लागलं. तेवढ्यात त्यानं बोट दाखवलं. फिल्टरवरून मुंग्यांची बारीक रांग खाली उतरत होती, आणि सेन्सरच्या वायरीचा प्लग जिथं बसतो, तिथं आत शिरत होती.

"डिझेलला मुंगी लागती का कवा?"

त्यानं प्लग ओढून काढला. आत हिरवट, चिकट राप. त्यानं वास घेतला आणि, अहो, खरं सांगतो, सरळ जिभेचं टोक लावलं!

"नारळ," लालासाब म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, स्वप्नालीनंच जीप धुऊन, हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. फिल्टर म्हणजे गाडीचं काळीज, असं कुणीतरी सांगितलेलं. म्हणून सगळं पाणी तिनं अगदी मनापासून त्या फिल्टरवर ओतलं होतं. तेच ओघळून प्लगात उतरलं, चढावर इंजिन तापलं की पातळ झालेल्या त्या रापानं आतल्या दोन पिना जोडल्या जायच्या, आणि टाकीत पाण्याचा थेंब नसताना दिवा 'पाणी, पाणी' म्हणून ओरडत राहायचा.

लालासाबनं प्लग स्पिरिटनं धुतला, वाळवला, वायर पुन्हा जोडली. सेन्सर काढून डिझेलच्या ग्लासात बुडवला. दिवा बंद. पाण्यात बुडवला. दिवा चालू. पुसून परत डिझेलमध्ये. बंद.

"सेन्सर इमानदार हाय. तुमची भक्तीच आडवी आली."

स्वप्नाली बघतच राहिली. बारा वर्षं तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. पण कुठल्याही जनावरापुढं ती अशी दहा मिनिटं गप्प उभी राहिली नव्हती. या अडाण्याचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. आणि मग तिला बनाबाईचा तो काळा चहा आठवला.

"म्हणजे चाचा, ती म्हैस माझ्यामुळं गेली."

लालासाबनं सेन्सर बसवला, प्लगावर रबराची टोपी चढवली आणि बॉनेट आपटलं. "देवाला मी काय नगं म्हणत न्हाय. पण नारळ हितनं पुढं चाकापुढं फोडायचा."

तेवढ्यात फोन वाजला. बनाबाई होती. म्हैस पहाटेपासून कळा देत होती, रेडकू आडवं आलं होतं.

दोन तासांनी घाट लागला. तिथं स्वप्नालीची नजर रस्त्यावर कमी आणि दिव्यावर जास्त. पहिलं वळण, दुसरं, तो खडा चढ, जिथं मागच्या वेळी जीप रांगली होती. दिवा लागला नाही. तिनं सयाजीला फोन करून सांगितलं, "त्या माणसाला येऊ नको म्हणावं," आणि गिअर टाकला.

तासाभरानं गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून तिनं रेडकू फिरवलं, बाहेर ओढलं. ते धडपडत उभं राहिलं तशी बनाबाई ओक्साबोक्शी रडली. मग पदरानं तोंड पुसत घरात पळाली आणि नारळ घेऊन तडक जीपकडं निघाली.

"लेकी, उघड त्ये बॉनेट! हिच्या इंजिनाला पाणी दावते."

स्वप्नाली रक्तानं माखलेल्या हातांनिशी धावत सुटली.

"चाकापुढं, बनाबाई! आई, चाकापुढं!"