बेडकांच्या खोलीत आप्पा

आमचं घर उमापुरात. पुढं दुकान, मागं राहायला. दुकान बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं. आमच्याकडं कीटकनाशकाला औषधच म्हणतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उभा जन्म त्या दुकानात काढला. मी एकुलता मुलगा, पण गल्ल्यावर बसलो नाही. गेवराईला बँकेत नोकरीला लागलो. त्यावरून आमचं भांडण झालं असं नाही. भांडण झालं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. जेवताना ‘वाढ’, ‘बास’ आणि सकाळी ‘गाडीत तेल हाय का’, एवढ्यावर बापलेकाचा संसार चालला होता.

मला लहानपणापासून प्राणी पाळायचा नाद. मासे झाले, कासव झालं. मग एकदा पुण्यात एका ओळखीच्या माणसाच्या घरी काचेच्या पेटीत ते बेडूक पाहिले आणि माझी झोप उडाली. अंगठ्याएवढे, काळे कुळकुळीत, अंगावर हळदीसारखे पिवळे पट्टे. पॉयझन डार्ट फ्रॉग. त्यांचं मूळ दूर दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात. तिथले लोक यांच्यातल्या काहींच्या अंगचं विष बाणाच्या टोकाला लावायचे, म्हणून हे नाव. पुढं रीतसर कागदपत्रं करून त्या माणसाकडच्याच पिल्लांतली चार मी घरी आणली.

आईनं ऐकलं, ‘विषारी बेडूक’, आणि ती दोन दिवस त्या बाजूला फिरकली नाही. आप्पा मात्र दारात येऊन उभे राहिले.

“खरंच इखारी हाय का बे?”

“न्हाई आप्पा. जंगलात ते मुंग्या-किडे खातात, त्यातनं विष येतं. हे घरात जन्मलेले. यांच्यात विष न्हाई.”

“म्हंजे घरचं खाल्लं की इख जातं?”

“हां.”

“मग आपल्या भावकीला आणून ठेव इथं थोडे दिस.”

आणि ते हसत दुकानात गेले. आप्पा विनोद करतात हे मला त्या दिवशी कळलं.

बेडकांना गारवा लागतो. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन. म्हणून मागची छोटी खोली रिकामी केली आणि तिथं एसी बसवला. पेटीत काथ्याचा भुसा, शेवाळ, हिरवी झाडं, एक पालथी करवंटी. खायला बारीक फळमाश्या. त्या मी पिकलेली केळी आणि गुळाच्या लगद्यावर बरण्यांत वाढवायचो. पहिल्याच दिवशी मी आप्पांना सांगून ठेवलं होतं, “औषधाचा हात पेटीला लावू नका. यांची कातडी पाण्यासारखं सगळं ओढून घेते.”

पहिल्या उन्हाळ्यात घरात कुरबुर झाली. “बेडकाला एसी, आन् बापाला पंखा,” असं आप्पा गिऱ्हाइकांना ऐकवायचे. एका दुपारी मी बँकेतून लवकर आलो, तर त्या खोलीत चटईवर आप्पा घोरत होते. मला बघून उठून बसले. म्हणाले, “तुज्या बेडकांवर नजर ठेवायला आलतो.”

तिथून ते रोज येऊ लागले. दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, बोअरवर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे आणि मगच आत यायचे. रविवारी मीही तिथंच असायचो. पेटीसमोर दोघं जमिनीवर. समोर बघण्यासारखं काही असलं की माणसं एकमेकांकडं न बघता बोलू शकतात, आणि आम्हाला तेच हवं होतं बहुतेक. आप्पा बेडकांच्या वागण्यावर बोलायचे. “हा मोठा लई हावरा हाय, दुसऱ्याच्या तोंडातली माशी काढतो.” मी बँकेतलं सांगायचो. मग ते त्यांच्या तरुणपणातलं सांगायचे.

दुसऱ्या वर्षी करवंटीखाली अंडी दिसली. त्यातून बेडूकमासे झाले. या जातीत नर आपल्या पिल्लांना पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत नेतो, हे मी वाचलं होतं. पण ते पाहिलं पहिल्यांदा आप्पांनी. मला त्यांनी हाका मारून बँकेत निघताना परत आणलं.

“आरं हे बघ, हे बघ! बापानं लेकरू पाठीवर घेतलंय.”

आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो. तो नर हळूहळू, थांबत थांबत, पाण्याच्या वाटीकडं चालला होता. पाठीवर काळा ठिपका चिकटलेला.

“माजा बाप मला असाच चकलांब्याच्या बाजाराला न्यायचा,” आप्पा म्हणाले. “खांद्यावर. येताना म्या झोपायचो, तर त्याच्या मुंडाशावर लाळ गळायची.” मग म्हणाले, “तुला म्या घेतलतं का बे कधी पाठीवर?”

“आठवत न्हाई, आप्पा.”

“मलाबी आठवत न्हाई.”

त्या दिवशी मी बँकेत उशिरा पोचलो आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच मे महिन्यात आष्टीला बायकोच्या भावाचं लग्न होतं. आई, बायको आणि मी आदल्या दिवशी गेलो. आप्पा दुकान आणि बेडूक सांभाळायला मागं राहिले. खरं तर बेडकांमुळंच राहिले. रात्री वळवाचं वादळ झालं. सकाळी फोन केला.

“लाइट न्हाई,” आप्पा म्हणाले. “मळ्याकडचे पोल आडवे झालेत. इन्व्हर्टरबी बसला. आज काय येत न्हाई लाइट.”

“पेटीतल्या तापमानाच्या काट्यावर किती दाखवतंय?”

त्यांनी आकडा सांगितला. एवढ्या उष्णतेत हे बेडूक टिकत नाहीत.

“आप्पा, पाणी मारत राहा त्यांच्यावर. फिल्टरचं. ओला टॉवेल टाका पेटीवर. मी निघतोच.”

“मारतो. तू सावकाश ये.”

हा फोन मी नंतर मनात कितीतरी वेळा पुन्हा केला आहे. त्यात मी फक्त एक वाक्य वाढवतो. पण तेव्हा ते सुचायचं काही कारणच नव्हतं. पाणी मारायची माझी बाटली पेटीशेजारीच असायची.

रस्त्यात झाडं पडलेली, त्यामुळं घरी पोचायला दुपार टळली. आप्पा बनियनवर, घामानं निथळत, जमिनीवर बसून पुठ्ठ्यानं पेटीला वारा घालत होते. मला बघून हलकेच म्हणाले, “तडफड करत होते. आत्ताच निजलेत गप.”

चारही बेडूक उताणे पडले होते. मागचे पाय ताठ.

मग मला तो पंप दिसला. हातात धरायचा छोटा पिवळा पंप. परसातल्या लिंबावर मावा पडला की आप्पा त्यानं औषध मारायचे. माझ्या बाटलीचा खटका सकाळीच तुटून बाजूला पडला होता. आप्पांनी माझी नजर पाहिली. त्यांनी पंप उचलला, नळीचं तोंड नाकाशी नेऊन हुंगलं.

“धुतलता म्या. साबणानं. लई येळा धुतलता.”

“उन्हानं गेले, आप्पा.”

“न्हाई बे.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला सांगावं तसा. “उन्हानं असे पाय ताणत न्हाईत. फवारलेल्या रानात बघितलेत म्या असे. जाता येता बघायचो. बसून कधी बघितलं नव्हतं.”

ते चार जीव त्यांनी स्वतः नेऊन कंपाउंडच्या कडेला पुरले. मला येऊ दिलं नाही.

बेडूकमासे मी वेगळ्या वाट्यांत, झाकण घालून फळीवर ठेवले होते. त्यांना ते पाणी लागलं नव्हतं. उकाड्यानं बाकीचे गेले, एक जगला. मला केवढा आनंद झाला. धावत दुकानात गेलो. “आप्पा, एक हाय अजून. या बघायला.” ते मान हलवून गिऱ्हाइकाशी बोलत राहिले.

त्यानंतर ते आत आले नाहीत. दुपारी दुकानातच पोत्यांवर आडवे व्हायचे, त्या उकाड्यात. फक्त सकाळी चहाच्या आधी खोलीच्या दारापर्यंत यायचे. हात पाठीमागं बांधलेले.

“हाय का?”

“हाय.”

एवढं ऐकून जायचे. कधी मीच जोडून सांगायचो, “मागचे पाय फुटले.” कधी, “शेपूट गेलं, आता पेटीत सोडलाय.” ते “बरं” म्हणायचे. मला वाटायचं, काळ जाईल तसं निवळेल. याच्या अंगावर पट्टे नीट उमटू देत, मग दाखवायला बोलवू. मला त्यांना हेही सांगायचं होतं, की फोनवर ‘पाणी मारा’ मी म्हणालो होतो, कशानं ते मी सांगितलं नव्हतं. ते घोकून तयार होतं माझ्या तोंडात. पण बेडकांच्या निमित्तानं आमच्यात लागलेली बोलायची सवय पुन्हा मोडली होती.

थंडीत एका सकाळी आप्पा दुकानातच छातीला हात लावून खाली बसले. बीडला नेताना वाटेतच गेले.

तो बेडूक आता पुरता मोठा झाला आहे. आई त्याची रोज विचारपूस करून मगच देवपूजेला जाते. मी माश्या घालतो, पाणी मारतो, आणि पुष्कळदा दाराकडं बघत बसतो. त्या दाराला उंबरा नाही. आधी गोदाम होतं ते; पोती ओढायला सोपं म्हणून फरशी सरळ आत आणलेली. आप्पा तिथं उभे असायचे आणि मी आत पेटीजवळ, मध्ये चार फरश्या. उठून हात धरला असता तर ते आले असते, असं मला वाटतं. मी बसल्या जागेवरून ‘हाय’ म्हणत राहिलो.