दारात आडवं पडलेलं धनगरी कुत्रं

कुत्र्याला वळण लावावं तर मीच, असं मी अख्ख्या करंजाड्यात सांगत फिरायचो. मग धनगराकडून मेंढ्या राखणारं पिल्लू आणलं, ते मोठं झालं आणि मलाच घराबाहेर सोडेना. बायको बाजारात गेली, पोरगी शाळेत गेली, त्याला काय नाय. मी चप्पल घातली की दारात आडवं! दोन दिवस ड्युटी बुडाली, आता नोकरी जायची पाळी. बिस्कीट दिलं, ओरडलो, हात जोडले, तरी शेपूट हलवत तिथंच. माझं काय चुकलं तेच कळेना. शेवटी त्या धनगरमामांना फोन लावला.

"मामा, हे येडं झालंय का?"

"त्ये न्हाय येडं. कळपात जे मेंढरू भरकटतं, त्यालाच ते असं अडवतं. बायकोला सांग, हाताला धरून गेटापत्तुर सोड म्हणावं."