गुऱ्हाळावर आलेलं खवल्या मांजर

मी त्याच्या पाठीत उसाचं दांडकं घातलं, आणि ते जनावर माझ्या पोरीचा पाय आत धरून गच्च गोळा होऊन बसलं.

पोरगी दहा महिन्यांची. आमच्या शेतातल्या गुऱ्हाळावर, चिपाडांच्या ढिगाच्या आडोशाला, तिला गोधडीवर निजवली होती. दिवस नुकता उगवत होता. रडू नये म्हणून मीच तिच्या हातात गुळाचा खडा दिला होता. खडा विरघळला, मुंग्यांची रांग लागली आणि मुंग्यांच्या मागून ते आलं. कुत्र्याएवढं, नाकाच्या वरपासून शेपटापर्यंत नुसते खवले. जिभेचा लांब दोरा काढून गोधडीवरच्या मुंग्या टिपत होतं. मला तो दोरा साप वाटला. विचार करून मारणारी आई मी अजून पाहिलेली नाही.

मी किंचाळले तशी सगळी धावली. नवऱ्यानं पोरीला बगलेत धरून ओढलं. गोळा आणखीच आवळला. पोरगी काळीनिळी होईस्तोवर रडली.

"मगर हाय, मगर!" सासूबाई ओरडल्या.

"आये, मगर उसात कशी यील?" नवरा म्हणाला.

"मग काय तुजा बा आलाय व्हय खवलं लावून?"

त्याचा बा, म्हणजे माझे सासरे, कोयता घेऊनच आले होते. त्यांनी तो उचलला. तेवढ्यात गुळव्या रसाच्या मोठ्या कढईपासून, काहिलीपासून ओरडला. गूळ करणारा तोच, आणि रस उकळत असताना त्याला तिथून हलता येत नाही.

"कोयता टाका मालक! खवल्या मांजर हाय ते. आमच्या पन्हाळ्याकडच्या डोंगरात असतंय. तोंडात एक दात न्हाई त्येच्या. भ्यालं की आवळतंय. जितकं माराल तितका पोरीचा पाय चेंगरंल."

"मग सोडवायचं कसं?" मी विचारलं.

"सोडवायचं न्हाई वैनी. समद्यांनी गप बसायचं. भ्या गेलं की आपसूक सुटतंय."

गप बसायचं! आमच्या घरात कुणी मीठ मागितलं तरी शेजारचं कुत्रं उठायचं.

इंजिन बंद केलं, घाणा थांबला. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मी पोरीजवळ बसून तिला बोट धरायला दिलं. ती हळूहळू निवली आणि मुठीनं खवल्यांवर टकटक करायला लागली. त्या गोळ्यात पाय शाबूत आहे की नाही, हे मात्र कुणालाच दिसत नव्हतं.

काहिलीखालच्या चुलवाणात जाळ घालणारा गडी खाली खड्ड्यात. एरवी गुळव्या ओरडून त्याला जाळ कमी-जास्त करायला सांगायचा. आता तो नुसते हात हलवत होता आणि खालच्या गड्याला काही दिसत नव्हतं. काहिलीत फेस चढला. सासऱ्यांनी जाऊन गुळव्याच्या कानात काहील उतरवायला सांगितलं. त्यानं खांदे उडवले; आरडाओरडा केल्याशिवाय ती जड काहील उतरत नाही. सासऱ्यांनी काहिलीकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं आणि मटकन खाली बसले. रस उतू गेला. राहिलेला करपला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन माझ्या पाठीवर आलं होतं.

आधी नाक बाहेर आलं, मग मण्यांएवढे डोळे. पोरीच्या मुठीवर एक मुंगी फिरत होती. त्यानं जीभ काढून ती टिपली. पोरगी खदाखदा हसली. आता पुन्हा आवळणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर गोळा सुटला होता. मी पोरीला ओढून घेतलं, पायाला गुंडाळलेली गोधडी काढली. पाय झाडत होती. गोधडीची घडी मधे होती, म्हणून ओरखडासुद्धा नव्हता.

जनावर पळालं नाही. पुढचे पंजे छातीशी धरून, उताराला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं वाकून, माणसांच्या मधून चालत गेलं.

सासूबाईंनी तोंडातला पदर काढला आणि पहिलं हेच ओरडल्या, "पावणं, रस तरी पिऊन जावा की!"

सगळं गुऱ्हाळ हसलं. सासरे करपलेल्या काहिलीपाशी बसून पोट धरून हसले. खड्ड्यातला गडी वर येऊन विचारत होता, "काय झालं? काय झालं?" त्याला सांगायला जो तो तोंड उघडी, तो पुन्हा हसत सुटे.

ते उसात शिरलं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. पोरगी जगली. आता तिलाच नातवंडं आहेत.