अकरा हजार किलोमीटरची गाडी

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती वापरायची नसते, जपायची असते. हा पप्पांचा कायदा. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर बँड. फ्रिजच्या हँडलला आईने विणलेलं कव्हर. सोफ्यावर चादर, तिच्यावर जुनी चादर, आणि ती जुनी काढायची फक्त पाहुणे आले की, तेही पाहुणे कोण आहेत ते बघून. अशा माणसाने निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली तर दुसरं काय होणार? शोरूममधून आली तेव्हा सीटवर प्लॅस्टिक होतं, ते तेरा वर्षं तसंच राहिलं. ड्रायव्हरच्या सीटचं मध्ये फाटलं, तर पप्पांनी तिथे सेलोटेप लावली.

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीखाली, जिन्याच्या कडेला, ती छोटी चंदेरी गाडी ताडपत्रीच्या कव्हरखाली उभी असायची. रोज सकाळी पप्पा खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू करायचे आणि बंद करून वर यायचे. रविवारी उजाडता उजाडता, रस्त्यावर कुत्रीसुद्धा उठलेली नसताना, उपवन तलावापर्यंत एक फेरी. आई एकदा हौसेने साडी बदलून तयार झाली तर म्हणाले, "तू कशाला? मी बॅटरी चार्ज करायला चाललोय." मे महिन्यात मात्र आम्ही त्याच गाडीने कोकणात गावी जायचो. उकाड्यात पाठ प्लॅस्टिकला चिकटायची आणि चहासाठी उतरताना सोलून निघाल्यासारखी सुटायची. आई दरवर्षी म्हणायची, "अहो, काढा ना ते." पप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, "सीट खराब होईल."

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. नवीन घर मिळेपर्यंत आईपप्पा डोंबिवलीत भाड्याने राहणार होते आणि तिथे पार्किंग नव्हतं. गाडी रस्त्यावर ठेवायची कल्पनासुद्धा पप्पांना सहन होईना. त्यापेक्षा विकू, म्हणाले. विकायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी लग्न होऊन नौपाड्यात राहते, माझ्याकडे स्मार्टफोन आहे आणि पप्पांच्या मते मला बोलता येतं.

जुन्या गाडीचा भाव कसा काढतात हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या एका अ‍ॅपमध्ये साल टाकलं, मॉडेल टाकलं, पहिलाच मालक, अपघात नाही, आणि किलोमीटर टाकले अकरा हजार. अ‍ॅपने मला पुन्हा विचारलं, नक्की अकरा हजारच? पहिली शंका मशीनला आली. पप्पांनी मात्र भाव आधीच ठरवला होता. दोन लाख, एक रुपया कमी नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गाडी तेरा वर्षांची असेल, पण वापरलीय कुठे? मी म्हटलं, "पप्पा, नुसती उभी राहिली तरी गाडी म्हातारी होते. रबर सुकतं." त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्याबद्दलच बोलले होते.

पहिला आला तो खोपटकडचा जुन्या गाड्यांचा डीलर. मोबाइलचा टॉर्च लावून त्याने दरवाज्यांच्या कडा बघितल्या, बोनेट उघडलं, वाकून पॅडलच्या रबरावरून बोट फिरवलं, स्टिअरिंग चाचपलं. सगळं नवंकोरं. सीटवर प्लॅस्टिक बघून तर तो हसायलाच लागला. मग मीटर बघितला आणि पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, काम एक नंबर केलंय. मीटर कोणाकडून फिरवला? त्याचा नंबर द्या ना, आपल्याला लागतो असा माणूस."

पप्पांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात या माणसाने कधी तिकीट न काढता प्रवास केला नाही, दुकानदाराने दोन रुपये जास्त दिले तर उन्हातून परत द्यायला गेलेले. डीलरने एक लाख वीस हजार सांगितले आणि वर "बाकी आपल्यात राहील" म्हणून डोळा मारला. पप्पांनी ताडपत्री ओढून गाडी झाकली आणि जिना चढून गेले.

नंतर आले ते सगळे हेच म्हणाले. कुणी तोंडावर, कुणी जरा गोड बोलून. इतके कमी किलोमीटर असूच शकत नाहीत. पॅडल बदललेत. प्लॅस्टिक नवीन घातलंय. सर्व्हिसचे कागद मागितले तर पहिली काही वर्षं सोडून बाकी काही नव्हतं, कारण पप्पांचा मेकॅनिक ओळखीचा, तो पावती देत नसे. गाडी जितकी चांगली, तितका संशय जास्त. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. पप्पा जेवताना मध्येच थांबून विचारायचे, "मी काय चोर दिसतो का गं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन लाखांचा हट्ट नुसता नावाला आहे. कोणीतरी मीटर बघून फक्त "बरं" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते कोणी म्हटलं नाही तर गाडी भंगारात जाईल पण विकली जाणार नाही, हे मी त्यांच्या पोटची असल्यामुळे मला पक्कं माहीत होतं. आणि घर रिकामं करायची तारीख जवळ येत होती.

शेवटी कल्याणहून एक बाई आली. हॉस्पिटलात नर्स, पस्तिशीची, ड्यूटी संपवून थेट आलेली, नुकतंच लायसन्स मिळालेलं. सोबत भाऊ होता, त्याला गाड्यांतलं कळतं म्हणून आणलेला. तिने गाडी बघितली आणि तिचे डोळेच चमकले. भावाने मात्र पॅडल बघितले, मीटर बघितला, आणि बहिणीला बाजूला न घेता तिथेच सांगून टाकलं, "ताई, चल. मीटर मागे घेतलाय. अकरा हजार? माझी बाईक वर्षात एवढी फिरते."

"गाडी विकायची नाही!" पप्पा एवढ्या मोठ्याने ओरडले की चार मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

आमच्याकडे खिडकी उघडली की माणूस खाली येतोच. सगळ्यात आधी आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी, हात पिठाचेच. काय झालं ते ऐकून त्या भावावरच तुटून पडल्या. "मीटर फिरवला? अरे, ही गाडी फिरते कुठे? माझ्या पोराच्या लग्नाला मी स्वतः जाऊन मागितलेली. नवरानवरीला हॉलवरून घरी आणायचं, एवढंच. तर म्हणतात, फुलांचे डाग पडतात. रिक्षातून आली माझी सून, शालू सावरत!"

पप्पा म्हणाले, "झेंडूचा रंग जात नाही."

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतला, आमच्या जयंती मंडळाचा कार्यकर्ता गेटमधून आत आला. "काका, आमचं पण सांगू? मिरवणुकीला पुढे एक गाडी हवी होती. निळ्या पताका लावल्या असत्या, मस्त सजवली असती. काका बोलले, गुलाल उडेल. आणि स्वतः मिरवणुकीत पायी चालत! गाडीवर दोन कव्हर घालून आलेले, एकावर एक." वॉचमनने भर घातली, "साहब रोज सुबह चालू करते, फिर बंद करते. मैं इधर आया तब से देखता हूँ. जाती किधर नहीं." तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, की त्यांना ताप आला तेव्हा पप्पांनी डॉक्टरकडे नेलं खरं, पण रिक्षाने, आणि रिक्षाचे पैसे मात्र स्वतः दिले.

मी मध्येच उभी राहून बघत होते. एरवी हे सगळं ऐकून पप्पांनी मान खाली घातली असती. इथे उलटंच चाललं होतं. जो तो त्यांचे वाभाडे काढत होता आणि प्रत्येक तक्रारीबरोबर गाडीचा भाव वर चढत होता. पप्पांनाही ते उमगलं असावं. आधी ते एकेकाला उत्तर देत होते, आणि मग मीच पाहिलं, ते मावशींकडे वळून हळूच म्हणाले, "त्या बारशाचं पण सांगा ना."

सगळ्यांत शेवटी आई बोलली. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. आवाज चढवला नाही.

"माझा भाऊ कल्याणला राहतो," ती त्या नर्सला म्हणाली. "दर भाऊबीजेला मी दोन बस बदलून जाते. दारात गाडी असून. हे म्हणतात, कल्याणच्या रस्त्याला खड्डे आहेत. तेरा वर्षांत एकदा, एकदासुद्धा, मला या गाडीतून माहेरच्या माणसाच्या दारात उतरायला मिळालं नाही. आता तुम्हीच सांगा, मीटर कोण कशाला फिरवेल?"

पप्पा गाडीच्या आरशावरची नसलेली धूळ बोटाने पुसत राहिले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि आईला जाऊन मिठी मारावीशी वाटली.

नर्स मात्र पप्पांकडे बघत होती. "काका," ती म्हणाली, "अकरा हजार. पटलं मला."

पप्पांनी मान वर केली. "पटलं?"

"शंभर टक्के."

त्यानंतर जो व्यवहार झाला तसा मी कुठे पाहिला नाही. नर्सचा भाऊ खाली वाकून टायर बघत म्हणाला, पटलं तरी टायर तेरा वर्षांचे आहेत, रबराला भेगा गेल्यात, चारही बदलावे लागतील. मी घाबरले, आता पुन्हा भडका उडणार. पण पप्पा त्याच्या शेजारी उकिडवे बसले, भेगेवर नख फिरवलं आणि म्हणाले, "खरंय. टायरचे पैसे वजा करा. बॅटरीपण जुनी झालीय, तिचेही करा." ज्या आकड्यावरून ते महिनाभर हलत नव्हते, त्यावरून ते स्वतःच, हसत हसत, खाली आले. भावालाच शेवटी म्हणावं लागलं, "बास काका, एवढे नको." मावशींनी पीठ लागलेल्या हातांनीच सगळ्यांना चहाला वर बोलावलं.

कागदपत्रं झाली आणि एका रविवारी नर्स गाडी न्यायला आली. नवे टायर तिने आधीच बसवून घेतले होते. पप्पांनी किल्ली दिली, सोबत दोन्ही ताडपत्र्या घडी घालून दिल्या. तिने त्या डिकीत ठेवल्या, मागचा दरवाजा उघडला आणि विचारलं, "काका, हे प्लॅस्टिक काढलं तर चालेल ना?"

पप्पांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत आई पुढे झाली. पदर खोचला, दोन्ही हातांनी टोक धरलं आणि खेचलं. फर्रकन आवाज झाला. नर्सने दुसरी बाजू धरली. दोघी लहान मुलींसारख्या हसत होत्या, सेलोटेपचे तुकडे हाताला चिकटत होते, आणि पप्पा "सांभाळून, सांभाळून" म्हणत भोवती फिरत होते. आतून राखाडी कापडाच्या सीट निघाल्या, बारीक निळ्या रेघांच्या. त्या रेघा आमच्यापैकी कोणी धड पाहिल्याच नव्हत्या.

"मी कल्याणलाच चाललेय, काकू," नर्स म्हणाली. "तुमच्या भावाकडे सोडते. बसा. काका, तुम्हीपण."

आई चपला बदलायलासुद्धा वर गेली नाही. ती मागे बसली, पप्पा तिच्या शेजारी, मी पुढे. पप्पा आधी सीटच्या अगदी कडेला टेकले होते. मग जरा मागे सरकले, पाठ टेकवली. तळहात सीटवरून इकडून तिकडे फिरवला.

"मऊ आहे गं," ते आईला म्हणाले.

"असू दे," आई म्हणाली आणि काच खाली करून बाहेर बघायला लागली. तिचा पदर वाऱ्याने पप्पांच्या तोंडावर येत होता आणि ते तो बाजूला करत नव्हते.

माजिवड्याला आल्यावर नर्सने गाडी हळू केली. ती नवीनच चालवत होती, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. "काका, कल्याणला कशेळीवरून घेऊ की मुंब्रा बायपासवरून, शिळफाट्याने?"

पप्पांनी तेरा वर्षं एकेक किलोमीटर वाचवला होता. मी मागे वळून बघितलं. ते आईकडे बघत होते.

"लांबचा कोणता?" त्यांनी विचारलं.

"शिळफाट्याचा."

"मग तो घे."