शमशुद्दीनभाईंची दुर्बीण कुठे चुकली

शमशुद्दीनभाई तांबोळी म्हणजे केसभर फरकही खपवून न घेणारा माणूस. पिंपरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि व्हीआरएस घेऊन बाहेर पडले, तेव्हा स्वतःच्या पैशांनी घेतलेली, सपाटी तपासायची एक लेव्हल तेवढी सोबत आणली. कागदाच्या जाडीएवढ्या उतारालाही तिचा बुडबुडा सरकायचा. व्हीआरएसच्या पैशांत खराडीला दोन गुंठे घेतले, चार खोल्या बांधल्या. तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. आता काचेची ऑफिसं आहेत आणि मुलगी नाजिमा त्यातल्याच एकात नोकरीला आहे.

ऑफिसच्या कामाला ती अमेरिकेला गेली, ती येताना अब्बांसाठी कॉम्प्युटरवर चालणारी दुर्बीण घेऊन आली. ताऱ्याचं नाव निवडलं की मोटारी घरघरायच्या आणि नळी आपसूक तिकडे वळायची. वळायची खरी, पण तारा मधोमध येईल तर शपथ! दुसरा कुणी "चालायचंच" म्हणाला असता. भाईंनी परसात, स्वयंपाकघराला लागून काँक्रीटचा खांब ओतला आणि त्यावर दुर्बीण कायमची बसवली. गिअरच्या दात्यांमधला ढिला खेळ काढला. लेथवर खुणेकडे नेहमी एकाच बाजूने जायचं असतं, तोच नियम ताऱ्याला लावला. दिवाळीपर्यंत ब्रह्महृदय तारा असा नेमका मध्ये येऊ लागला की त्यांच्या पत्नी सुरय्याभाभी म्हणाल्या, "एवढं लक्ष घरात घातलं असतं तर नळ तरी गळायचा थांबला असता."

दिवाळी झाली आणि पूर्वेच्या प्लॉटवर पोकलेन आलं. आयटी कंपनीच्या इमारतीला तीन मजली बेसमेंट हवं होतं. भाईंच्या कुंपणापर्यंत खड्डा गेला. त्याच आठवड्यात दुर्बीण चुकायला लागली. भाईंनी बिचारीला तीनदा खोलून पुन्हा जोडलं. मग वहीत रोजची चूक लिहू लागले. दात्यांचा दोष असता तर नळी कधी इकडे, कधी तिकडे थांबली असती. ही रोज पूर्वेलाच सरकत होती, आणि रोज थोडी जास्त. शेवटी त्यांनी कपाटातली लेव्हल काढून खांबावर ठेवली. यंत्र बरोबर होतं. खांबच खड्ड्याकडे कलत होता.

वही घेऊन ते साइटवर गेले. तिथला इंजिनिअर तेजस सभ्यपणे म्हणाला, "काका, दुर्बीण रिपेअरला टाका ना. आमचं सॉइल टेस्टिंग प्रॉपर झालंय."

शेजारचे बापूराव निवृत्त कारकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तक्रार जरूर करा, भाई. महापालिकेतले साहेब पहिल्यांदा तुमच्याच घराचा मंजूर नकाशा मागतील. आहे का?"

नव्हता. गुंठेवारीतलं घर, हातात नोटरीचा कागद. आख्ख्या गल्लीचं तेच. भाईंनी तोंड उघडलं तर पहिली नोटीस त्यांच्याच दाराला लागणार, आणि मागोमाग बापूरावांच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्या माणसाने आयुष्यभर चूक सापडली की ती दुरुस्तच केली, त्याच्या हातात आता सापडलेली चूक तेवढी होती. दोन रात्री त्यांना घास गोड लागला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नाजिमा म्हणाली, "अब्बा, दोन तारे पुन्हा दाखवा ना यंत्राला. खांब तिरपा आहे हे ते धरून चालेल." भाईंनी जुळणी केली, ब्रह्महृदय निवडला. मोटारी घरघरल्या. भाभींनी डोळा लावला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "अहो, अगदी मध्ये आला!"

त्या चहा टाकायला आत गेल्या. भाईही मागोमाग गेले आणि लेव्हल स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली. गेल्या शुक्रवारी बुडबुडा मध्यावर होता. आज तो पश्चिमेला, रेघेपलीकडे गेला होता; म्हणजे फरशीची खड्ड्याकडची बाजू खचली होती. ते तसेच उकिडवे बसून राहिले. सुरय्याभाभी गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आता सगळं बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

भाईंनी लेव्हल उचलून सदऱ्याला पुसली. "हो," ते म्हणाले, "दुर्बीण अगदी बरोबर आहे."