चार वाजता सुटलेलं ऑफिस

कामासाठी स्वीडनला आलोय. पहिल्याच दिवशी दुपारी चार वाजता शेजारच्या टेबलावरच्या एरिकने लॅपटॉप मिटला आणि "मुलीला पाळणाघरातून आणायचंय" असं सर्वांदेखत सांगून तो निघाला. ना चोरटेपणा, ना पोटदुखीचं निमित्त. मी एकदा लेकीच्या गॅदरिंगला जाण्यासाठी दाढदुखीचं कारण सांगितलं होतं, आणि ते खरं वाटावं म्हणून पुढचे दोन दिवस ऑफिसात गाल धरून हिंडलो होतो.

बघता बघता सगळे गेले. उशिरापर्यंत बसून दाखवायचं तरी कुणाला? मीही निघालो आणि तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे एक आजोबा नुसते पाण्याकडे बघत होते. मीही बघू लागलो. पाणी बघून झालं. घड्याळ पाहिलं, तर चारच मिनिटं झाली होती. इतकी वर्षं ज्या निवांतपणासाठी घरीदारी कुरकुर केली, तो समोर आला आणि मला तो वापरता येईना! स्वतःचाच असा राग आला की सांगता सोय नाही.

बायकोला फोन लावला.

"काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

"नुसते? बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"अगं, चारलाच सुटलो. सईला दे जरा, बोलतो तिच्याशी."

पलीकडे मायलेकींची कुजबुज झाली. मग बायको म्हणाली, "ती विचारतेय, बाबांचं काही काम आहे का?"

काम काहीच नव्हतं. "नुसतंच बोलायचंय म्हणावं," असं सांगितलं आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागलो.